पेशंटला सांगू नये

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. हे मला फार नंतर कळलं, पप्पांच्या मोबाइलमधल्या एका तारखेवरून.

त्या सकाळी पप्पांनी मिक्सरचं भांडं खोलून ओट्यावर पसरलं होतं. पात्याखालचं वायसर झिजल्यामुळे चटणीचं पाणी खाली गळत होतं. दुकानदार म्हणाला होता, नवं भांडंच घ्या. आकुर्डीच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेल्या माणसाला असा सल्ला द्यायचा नसतो.

"भांड्याला काय झालंय? वायसर गेलंय. माणूस खोकला की त्यालाबी बदलतेत का हे?"

"पप्पा, मला कॉलेजात ड्युटीवर जायचंय. ओटा कधी मोकळा होणार?"

"जा की. तुझी लायब्ररी काय पळून चालली? पुस्तकं बसून असतेत." मग भांडं उजेडाकडे धरून म्हणाले, "संध्याकाळी येताना वायसर आण. आणि जरा तिखट घाल गं भाजीत. अल्सर मला झालाय, भाजीला नाही."

मी हसले. वायसर आणायला विसरले. रात्री आम्ही बातम्या बघितल्या, मोशीच्या रस्त्याचं काम याही वर्षी पूर्ण होणार असल्याचं ऐकलं आणि झोपलो. इतकंच.

पप्पांना अल्सर नव्हता. त्यांना पोटाचा कॅन्सर होता, लिव्हरमध्ये पसरलेला, चौथ्या स्टेजचा. हे मला माहीत होतं, माझ्या भावाला माहीत होतं, वहिनीला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, मेडिकलवाल्याला आणि निरामयवेध हॉस्पिटलच्या लिफ्टमनलाही माहीत होतं. फक्त पप्पांना माहीत नव्हतं. आपल्याकडे मोठ्या आजाराची ही रीतच आहे. ज्याला होतो तो सोडून बाकी सगळ्यांना विश्वासात घेतलं जातं.

निर्णय घ्यायला आम्हाला तीन मिनिटं लागली होती. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये विचारलं, "पेशंटला सांगायचंय का?" मी आणि धम्मरत्न एकदम "नाही" म्हणालो. लहानपणापासून आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. डॉक्टरांचाही जीव भांड्यात पडलेला दिसला. मग मी काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलीला म्हटलं, फाइलवर लिहून ठेवा, नाहीतर एखादी सिस्टर बोलून जायची. तिने विचारलं, "कुठे लिहू?" मी म्हटलं, "ठळक दिसेल असं." तिने कॉम्प्युटरवर रिमार्कच्या रकान्यात टाइप केलं: पेशंटला सांगू नये, मुलीशीच बोलावे. मी वाकून वाचलं आणि थँक्यू म्हटलं. मोबाइल नंबर मात्र पप्पांचाच दिला, कारण विम्याचा ओटीपी त्यांच्या नंबरवर यायचा. एकाच ओळीत रिमार्क आणि नंबर शेजारी शेजारी बसले.

पुढचे सात महिने मी बरीच कामं केली. औषधांच्या खोक्यांवरची नावं नखाने खरवडली. केमोला 'सलाईन' म्हटलं. केस गेले तेव्हा 'गोळ्यांची हीट' म्हटलं. डे केअरच्या दारावर आजाराचं नाव फूटभर अक्षरांत होतं, तिथून जाताना मी पप्पांच्या त्या बाजूने चालायचे आणि काहीतरी बोलत राहायचे. भेटायला येणारे खालीच मला फोन करायचे, "आपलं काय ठरलंय?" मी म्हणायचे, "अल्सर." मग ते वर येऊन आपल्या ओळखीतल्या अल्सरवाल्यांच्या गोष्टी सांगायचे. एकाने तर दुधीचा रस सुचवला. पप्पा सगळं ऐकून घ्यायचे.

मंगळवारनंतरच्या बुधवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पप्पांना एक फोन आला. मी कॉलेजात होते. त्यांचा मोबाइल म्हणजे धम्मरत्नचा जुना फोन होता आणि तो येणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड करायचा. ते बंद कसं करायचं हे हिंजवडीत मोठ्या पदावर असलेल्या माझ्या भावालाही जमलं नव्हतं. पप्पा त्यानंतर एकोणीस दिवसांनी गेले. जलदान विधी झाल्यावर आठवड्याने मी त्या मोबाइलमधले फोटो काढून घ्यायला बसले, तेव्हा मला तो कॉल सापडला.

"नमस्कार, जयसिंग सर बोलताय का?"

"बोला."

"सर, मी प्रज्वल. हर्बल पावडरसाठी फोन केलाय सर. स्टेज फोर कॅन्सरच्या पेशंटसाठी या महिन्यात आपली स्पेशल ऑफर चालू आहे."

इथे थोडा वेळ फक्त खालच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याचा भोंगा ऐकू येतो.

"कुणाचा म्हणालात?"

"पेशंट जयसिंग, वय अडुसष्ट. पोटाचा, लिव्हरमध्ये गेलेला. बरोबर ना सर?"

"हे तुमच्याकडं कुठून आलं?"

"लिस्ट येते सर आम्हाला. हॉस्पिटलची."

"लिस्टमधे अजून काय लिहिलंय? वाचा बरं सगळं."

हा इन्स्पेक्शनचा आवाज होता. असा आवाज ऐकला की वेंडर आपणहून चूक दाखवतात, असं पप्पा सांगायचे. प्रज्वलने वाचलं. तारखा, औषधं, शेवटी रिमार्क. "पेशंटला सांगू नये, मुलीशीच..." तो अडखळला. "सॉरी सर. आपण पेशंटचे कोण?"

"मी शेजारी."

"अच्छा अच्छा! मग काका, पेशंटला सांगू नका हां प्लीज."

"नाही सांगत." मग पप्पांनी विचारलं, "त्या पावडरीनं माणूस बरा होतो का?"

"रिझल्ट चांगले आहेत काका."

"तुम्ही किती बघितले बरे झालेले?"

"मी नवीन आहे काका. सोमवारीच जॉइन झालो."

"बरं. पण त्याच्या मुलीला फोन करू नका. कामावर असती ती."

सहा मिनिटं चाळीस सेकंद. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा पप्पा म्हणाले होते, "अल्सरची गोळी संपत आलीय बघ." तोवर तो शब्द बहुतेक वेळा मी वापरायचे. पुढचे एकोणीस दिवस ते वापरत राहिले. माझ्या मावशीला फोनवर त्यांनी अल्सर इतका पटवून सांगितला की मला वाटलं, चला, पप्पांचं मन रमलंय.

हे कळल्यानंतर दहा दिवसांनी हॉस्पिटलचं पत्र आलं. पप्पांच्या नावाने, पप्पांच्याच मोबाइलवर. 'प्रिय जयसिंग जी, आपली गोपनीयता आमच्यासाठी अमूल्य आहे. काही अनधिकृत व्यक्तींनी आमच्या यंत्रणेत प्रवेश केल्याचे निदर्शनास आले आहे. घाबरून जाऊ नये. खबरदारी म्हणून आपला पासवर्ड बदलावा.' खाली हेल्पलाइनचा नंबर आणि उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा.

मला एकच कागद हवा होता. ही यादी आमच्याकडून गेली आणि म्हणून तुमच्या वडिलांना असं कळलं, एवढ्या दोन ओळींचा. तो कागद मिळाला की काय होणार होतं, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "पेशंटशी बोलणं करून देता का मॅम?"

"ते वारले."

"ओके मॅम. मग त्यांच्या रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी पाठवते."

माझ्या हातातला पप्पांचा फोन वाजला. मी चार आकडे वाचून दाखवले.

"थँक्यू. व्हेरिफिकेशन झालं, जयसिंग सर. बोला, काय मदत करू?"

मी म्हटलं, तक्रार करायचीय. ती म्हणाली, माहितीबद्दलची तक्रार पेशंटने स्वतः लेखी द्यावी लागते, कारण इतरांची माहिती आम्ही कुणालाही देत नाही.

पोलिसांकडे गेले. हवालदार भले होते, त्यांनी खुर्ची दिली.

"पैसे किती गेले, ताई?"

"पैसे नाही गेले."

"मग गेलं काय?"

"वडील."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे... नैसर्गिक ना?"

"हो."

"मग तसं बघायला गेलं तर गुन्ह्यात काय लिहायचं?" तरी त्यांनी अर्ज घेतला, पोचीचा शिक्का दिला, आणि निघताना हळूच म्हणाले, "आमच्या आईलापण आम्ही सांगितलं नव्हतं."

शेवटी कॉलेजातल्या एका बाईंनी वकील सुचवली. विजयश्री मॅडमचं ऑफिस पिंपरीत, मिठाईच्या दुकानाच्या वर होतं. त्यामुळे तिथे कायद्याची चर्चा तुपाच्या वासात चालायची. त्यांनी रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते कामाचं. "हा फोन आता वापरू नका. काही पुसू नका, विकू नका, धम्मरत्न साहेबांना दुरुस्त करायला तर अजिबात देऊ नका."

धम्मरत्न शेजारीच बसला होता. हिंजवडीतून पिंपरीला यायला त्याला दोन तास लागले होते आणि तो आधीच चिडलेला होता. "मॅडम, खरं सांगू का? डेटा रोज लीक होतो. सगळ्यांचाच होतो. याच्यात मिळणार काय?"

"दारं तीन आहेत," विजयश्री मॅडम म्हणाल्या. "एक, जुना आयटी कायदा. आजारपणाची माहिती नीट सांभाळली नाही म्हणून भरपाई मागता येते. पण ते कलम नव्या कायद्याने काढून टाकायचं ठरवलंय. अजून आहे की गेलं, हे अर्जाच्या दिवशी सकाळी बघायचं."

"आणि नवा कायदा?" मी विचारलं.

"तो जोरदार आहे. अडीचशे कोटींपर्यंत दंड."

धम्मरत्न ताठ झाला. "मग तोच करू की!"

"दंड सरकारजमा होतो, साहेब."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला सरकार श्रीमंत झाल्याचा आनंद. तोही आज नाही, त्यातली कामाची कलमं लागू व्हायला अजून अवकाश आहे. बरं, त्यात एक सोय छान आहे. माणसाला आपल्या माहितीसाठी नॉमिनी नेमता येतो, मेल्यावर त्याच्या वतीने हक्क वापरायला. तुमच्या वडिलांनी नेमला होता?"

"पीएफचा नेमला होता," मी म्हटलं. "ताईला," धम्मरत्न म्हणाला. हे तो अजून विसरला नव्हता.

"तिसरं दार म्हणजे ग्राहक आयोग. हॉस्पिटलने सेवा दिली, सेवेत त्रुटी राहिली. पेशंट गेला असेल तर वारस तक्रार करू शकतात, दोन वर्षांच्या आत. वेळ लागेल, पण तिथे निदान तुमचं म्हणणं कुणीतरी वाचेल. आधी नोटीस देऊ." त्यांनी कोरा कागद ओढला. "आता सांगा, आम्रपालीताई. नुकसान काय लिहू?"

"त्यांना कळलं."

"काय कळलं?"

"त्यांचा आजार."

"म्हणजे खरी गोष्ट कळली." त्या माझ्याकडे बघत होत्या, पण वाईटपणाने नव्हे. "मी चिडवत नाहीये. समोरचा वकील पहिल्या मिनिटाला हेच विचारणार. पेशंटला स्वतःचा आजार कळला, हे नुकसान कसं?"

मॅडमनीच उत्तर दिलं. "मी म्हणेन, कधी कळावं आणि कुणाच्या तोंडून कळावं, हा त्या माणसाचा अधिकार होता. पावडर विकणाऱ्याने तो घ्यायचा नव्हता. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. धम्मरत्न खिडकीबाहेर बघत होता. तो अधिकार पावडरवाल्याच्या आधी सात महिने कुणाकडे होता, हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. मॅडमनी ते लिहिलं नाही. त्या आमच्या वकील होत्या.

नोटिशीला चार पानी उत्तर आलं. त्यात फोनला 'कथित फोन' म्हटलं होतं, यादीला 'कथित यादी' आणि एके ठिकाणी, घाईत असावं, पप्पांना 'कथित मयत'. मी ते पान विजयश्री मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, मृत्यूचा दाखला जोडून पाठवू, म्हणजे एक तरी गोष्ट सिद्ध होईल.

दाखला गेला आणि पंधरा दिवसांत आम्हाला हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. समजुतीने मिटवू म्हणून. मॅडमना त्या दिवशी कोर्टात काम होतं. "जा, ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "कशावरही सही करू नका. आणि त्यांचा चहा घ्या, तेवढी भरपाई नक्की आहे."

तिसऱ्या मजल्यावर काचेची खोली होती. भिंतीवर 'आपला विश्वास, आमचा श्वास' असं लिहिलेलं होतं. तक्रार निवारण अधिकारी करिष्मा मॅडम पंचविशीच्या, नीटनेटक्या, आणि वाईट बातम्या गोड आवाजात देण्याचा त्यांना सराव होता. चहा आला. बरोबर शुगर-फ्रीची पुडी, कारण पप्पांच्या फाइलमध्ये शुगरही होती आणि ट्रेवर नाव पप्पांचंच होतं.

"सर्वात आधी, मॅम, वुई आर व्हेरी सॉरी. मॅनेजमेंट तुमच्या दुःखात सहभागी आहे." त्यांनी एक फोल्डर पुढे सरकवलं. "कुटुंबातल्या चार जणांना वर्षभर फुल बॉडी चेकअप, आमच्याकडून."

"म्हणजे आमचीपण माहिती तुमच्याकडे ठेवायची," मी म्हटलं.

त्या हसल्या. विनोद असावा असं त्यांना वाटलं. "आणि तुम्ही मागितलेलं पत्र, मॅम. ते द्यायलाही आम्ही तयार आहोत."

मी फोल्डर उघडलं. पत्र खरंच होतं. लेटरहेडवर, शिक्क्यासह. आमच्या यंत्रणेतून आपल्या वडिलांची माहिती बाहेर गेली, याचा आम्हाला खेद आहे. मला हव्या असलेल्या दोन ओळी, जवळजवळ जशाच्या तशा. त्याखाली समजुतीचा करार. करारात सहा कलमं, आणि चौथं असं: 'रुग्णास आपल्या आजाराचे स्वरूप उपचाराच्या प्रारंभापासून पूर्णपणे ज्ञात होते, हे वारस याद्वारे मान्य करीत आहेत.'

मी ते दोनदा वाचलं.

"हे फक्त लीगल भाषा आहे मॅम," करिष्मा मॅडम म्हणाल्या. "म्हणजे बघा, त्यांना आधीच माहीत असेल, तर त्या कॉलने नवीन काही घडलंच नाही. तुम्हालाही त्रास नको, आम्हालाही नको."

"आमच्या वकील मॅडमनी सही करू नका सांगितलंय," मी म्हटलं.

"मॅडमना फोन करून विचार ना," धम्मरत्न म्हणाला. मग वाकून, हळू आवाजात, "ताई, त्यांना कळलं असणारच गं पहिल्यापासून. पप्पांना काय कळत नव्हतं? डे केअरच्या दारावर लिहिलेलं होतं. ते वाचत होते, आपण फक्त बघत नव्हतो. आणि बघ, आयोगापुढे गेलं ना, तर तो रिमार्क वाचला जाणार. मोठ्याने. 'मुलीशीच बोलावे.' तुझं नाव येणार. तुला ते हवंय?"

तो दुष्टपणा नव्हता. तो मला वाचवत होता, आणि स्वतःलाही.

हे मी कबूल केलं पाहिजे, ते कलम मला आवडलं. इतकं सोयीचं वाक्य माझ्यासाठी आजवर कुणी लिहिलं नव्हतं. पप्पांना पहिल्यापासून माहीत होतं. मग खोकी खरवडणं म्हणजे आमचा एक खेळ होता आणि दोघांनाही तो खेळ ठाऊक होता. मग बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी भंगारवाल्याचा भोंगा वाजत असताना कुणी गप्प झालंच नव्हतं. एका सहीत हॉस्पिटल सुटत होतं, प्रज्वल सुटत होता, आणि सगळ्यात आधी मी.

करिष्मा मॅडमनी टोपण काढून पेन माझ्याकडे धरलं. "घ्या ना, मॅम."

मी पेन घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे चौथं कलम चुकीचं आहे. त्यांना माहीत नव्हतं."

"मॅम, पण ते तुम्ही सिद्ध कसं करणार?" त्यांच्या आवाजातला गोडवा अजून होता, पण आता जरा विरळ झाला होता.

"ताई," धम्मरत्न म्हणाला.

"तुमच्याच फाइलमध्ये आहे. तो रिमार्क मी लिहायला लावला. तुमच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं कुठे लिहू, मी म्हटलं ठळक दिसेल असं लिहा."

"मॅम, मग या जागी नेमकं काय लिहायचं? सांगा, मी लीगलला पाठवते." त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि बोटं तयार ठेवली. खरंच लिहून घेणार होत्या त्या.

"लिहा. रुग्णाला त्याचा आजार माहीत नव्हता. तो मुलीला माहीत होता."

त्या टाइप करत होत्या. मी थांबले, कारण पुढचं वाक्य मी कुणासमोर उच्चारलेलं नव्हतं. विजयश्री मॅडमसमोर नाही, भावासमोर नाही, आणि ज्या एका माणसासमोर उच्चारायचं होतं त्याच्यासमोर सात महिने रोज दोन वेळा ताट वाढूनही नाही.

"पुढे, मॅम?"

"मुलगी नका लिहू, मी लिहा," मी म्हटलं. माझा आवाज काचेच्या बाहेर गेला असावा, कारण बाहेरच्या टेबलावरच्या दोघीतिघींनी वर बघितलं. "पप्पांना कॅन्सर होता. मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही."